प्रश्न तुमचे : जर्दाळूची नवी जात, जुनी चव

मागच्या अंकात सुक्या मेव्यावर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं : स्पेनमध्ये एका विषाणूमुळे जर्दाळूच्या बागाच्या बागा उपटाव्या लागल्या आणि आता तिथे रोगाला दाद न देणाऱ्या नव्या जाती लावतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. जर्दाळू आपल्याकडे पिकत नाही, पण डब्यात असतो, म्हणून असेल. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते. डाळिंबाच्या छाटणीबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : ताई, आमची पपईची बाग आहे. रोग आला की आम्ही फवारणी करतो, खतपाणी वाढवतो. स्पेनच्या शेतकऱ्यांनी थेट झाडंच का उपटली? औषध नव्हतं का? – पपई उत्पादक, शहादा (जि. नंदुरबार)

तुम्ही पपईवाले, म्हणून उलट प्रश्न विचारते. रिंगस्पॉट हा विषाणूरोग आल्यावर पानं आक्रसतात, फळावर तेलकट वर्तुळं उठतात, तेव्हा कुठल्या फवारणीने झाड बरं झालेलं पाहिलंत? जर्दाळूवरचा रोग त्याच खानदानातला. त्याला शार्का म्हणतात, विषाणूचं नाव प्लम पॉक्स. दोन्ही विषाणू पॉटीव्हायरस गटातले आणि दोन्ही पसरवतो तो मावा, रस शोषणारा बारीक किडा. मावा रोगट पानात सोंड खुपसतो, काही सेकंदांत विषाणू सोंडेला लागतो, आणि शेजारच्या झाडावर नुसती चव घेऊन बघताना तो तिथे उतरतो. तुमचं कीटकनाशक माव्याला मारेपर्यंत त्याचं काम उरकलेलं असतं. म्हणून माव्याची फवारणी करूनही शार्का पुढे सरकत राहतो.

नोकरीत असताना प्रशिक्षणाच्या निमित्ताने स्पेनमधल्या मर्सिया भागात जाणं झालं, तेव्हा तिथल्या एका संशोधकाने रोगट फळ फोडून आतली बी माझ्या तळहातावर ठेवली. तपकिरी कवचावर फिकट पांढरी वर्तुळं होती, पाण्याचे थेंब वाळून डाग पडावेत तशी. जर्दाळूत शार्काची ही पक्की खूण. पानावर शिरांच्या कडेने फिकट पट्टे दिसतात, पण उन्हाळा वाढला की ते पुसट होतात आणि नवखा माणूस फसतो. फळावर खड्डे पडतात, गर तपकिरी होतो, फळ वेळेआधी गळतं. बीवरची वर्तुळं मात्र लपत नाहीत.

हा रोग पहिल्यांदा लक्षात आला बल्गेरियात, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, प्लमच्या बागांत. तिथून तो युरोपभर हळूहळू पसरला. स्पेनमध्ये १९८४ साली सापडला. मर्सियाच्या शेतकऱ्यांची भिस्त तेव्हा बुलिदा या जुन्या जातीवर होती. डबाबंद करायला उत्तम, चवीला उत्तम, आणि शार्कापुढे पार हतबल. तुमची पपई दोन वर्षांत काढायचीच असते. जर्दाळूचं झाड पंधरा-वीस वर्षं उभं राहतं आणि तेवढी वर्षं ते शेजाऱ्याच्या बागेला रोग पुरवत राहतं. उपटण्यावाचून इलाज नव्हता. अमेरिकेने तेच केलं. पेनसिल्व्हेनियात १९९९ मध्ये रोग सापडल्याबरोबर बागा तोडून जाळल्या आणि दहा वर्षं पाळत ठेवून २००९ मध्ये तिथून रोग गेल्याचं जाहीर केलं. तिथे तो लवकर सापडला होता, म्हणून हे जमलं. स्पेनमध्ये तोवर उशीर झाला होता, त्यामुळे रोगासकट बागायत करायची तर जात बदलणं भाग होतं.

प्रश्न : मॅडम, मी बीएस्सी (कृषी) तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला शिकवतात की प्रतिकारक जनुक शोधायचा, संकर करून चांगल्या जातीत आणायचा, झालं. जर्दाळूत हा जनुक कुठे सापडला? आणि सापडूनही नवी जात यायला इतकी वर्षं का लागतात? – विद्यार्थी, राहुरी

'झालं' पेपरात लिहायला ठीक आहे. मार्कही मिळतील.

आधी कुठे सापडला ते. ग्रीसमधल्या नाऊसा गावी फळझाडांची जुनी संशोधन संस्था आहे. तिथे १९७० च्या दशकात देशोदेशीच्या जाती मुद्दाम शार्काच्या तोंडी दिल्या. युरोपातल्या नामांकित जाती एकेक करून आडव्या झाल्या. तगल्या त्या स्टार्क अर्ली ऑरेंज आणि स्टेला, दोन्ही अमेरिकेतल्या. पुढे हार्लेन, गोल्डरिच, ऑरेंज रेड ही नावं त्यांत जमा झाली, तीही उत्तर अमेरिकेतलीच. आता गंमत बघ. हार्लेन ही कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या हॅरो केंद्राची. तिथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर कडाक्याची थंडी होती, पानावरचे जिवाणूजन्य ठिपके होते, खोडाचा कँकर होता. शार्का त्यांच्या खंडात तेव्हा आलेलाच नव्हता. ज्या रोगाशी कधी गाठ पडली नव्हती त्याचा प्रतिकार त्या झाडांत निघाला. अशी लॉटरी पैदासकाराला एखाद्या वेळीच लागते.

नाऊसाच्या मंडळींनी मग स्टार्क अर्ली ऑरेंजचा त्यांच्या तिरिन्थोस, बेबेकू अशा घरच्या जातींशी संकर केला. त्यातली लितो तू शोधनिबंधांत वाचशील, कारण जनुकाचा पत्ता लावायला पुढे इटली-स्पेनमध्ये लितोची संतती वापरली गेली. पत्ता लागला तो पहिल्या गुणसूत्राच्या वरच्या टोकाजवळ. त्या जागेला लागून असलेले डीएनए मार्कर, म्हणजे ओळखीच्या खुणा, आज प्रयोगशाळेत तपासता येतात. रोपाला चार पानं फुटली की एक तुकडा घ्यायचा, आणि प्रतिकार आला की नाही याचा बऱ्यापैकी अंदाज त्याच आठवड्यात मिळतो. 'बऱ्यापैकी' म्हणते, कारण मार्कर हजर असूनही रोग घेणारी रोपं अधूनमधून निघतात. शेवटचा निकाल विषाणूच देतो.

तो निकाल कसा घेतात ते बघण्यासारखं आहे. पीचचं एक रोप आहे, जीएफ ३०५. त्याला शार्का झाला की पानं अशी काही वाकडी होतात की शंकाच उरत नाही. आधी या पीचला रोग लावतात आणि त्यावर तपासायच्या जर्दाळूचं कलम करतात. म्हणजे खुंटातून रोगट रस सतत वर येत राहतो, पळवाट नाही. मग जाळीबंद हरितगृहात पालवी, त्यानंतर दोनेक महिने शीतखोलीत कृत्रिम हिवाळा, पुन्हा पालवी, पुन्हा तपासणी. अशा तीन-चार फेऱ्या. खालचं पीच वाकडंतिकडं झालंय आणि वरचा जर्दाळू स्वच्छ पानांचा उभा आहे, असं दिसलं की तो पास.

आता उशीर का होतो. संकर करायला तू फुलाजवळ गेलास की पहिला धडा मिळतो. कळी फुगून फुटायच्या बेतात असते तेव्हाच काम उरकावं लागतं. उमललेलं फूल उपयोगाचं नाही, तिथे मधमाशी तुझ्या आधी येऊन गेलेली असते. जर्दाळूत एक सोय आहे. पाकळ्या, निदलं आणि पुंकेसर हे सगळं एकाच पेल्याच्या कडेला जोडलेलं असतं. तो पेला नखाने नेमका खुडला की सगळं एका झटक्यात निघून येतं आणि मध्ये एकटा हिरवट दांडा उरतो, टोकाला कुक्षी. नख खोल गेलं की अंडाशय दुखावतं, वर राहिलं की दोन-चार पुंकेसर शिल्लक राहतात. हात बसायला एक हंगाम जातो. त्या कुक्षीवर वाळवून ठेवलेला पराग बोटाने किंवा ब्रशने लावायचा आणि गारठा पडू नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं. शेकडो फुलं केलीस तरी फळं थोडी. लवकर पिकणाऱ्या मातृजातीत आणखी पंचाईत असते. फळ पिकतं तेव्हा आतला भ्रूण कोवळाच असतो, बी उगवत नाही. तो भ्रूण काढून काचेच्या नळीत वाढवावा लागतो. एवढं करून रोप आलं की फळ दिसायला तीन-चार वर्षं.

दुसरं कारण आई-बापांचे अवगुण. स्टार्क अर्ली ऑरेंज आणि गोल्डरिच स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत, जवळ दुसऱ्या जातीचं झाड लागतं. गोल्डरिच टणक आणि मोठं फळ, पण आंबट. बहुतेक अमेरिकी जातींना थंडीही भरपूर हवी, मर्सियाचा हिवाळा मात्र सौम्य. म्हणून सेबास या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने एक जोडी जुळवली. एकीकडे ऑरेंज रेड : न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाने काढलेली, पण तिच्या वंशावळीत इराणमधली लासगेर्दी मशहद नावाची जात. तिच्याकडून रंग आणि शार्काचा प्रतिकार मिळणार. दुसरीकडे करोट : व्हॅलेन्सियाची जुनी, फिक्या रंगाची, लवकर येणारी जात, जिला ऑरेंज रेडच्या निम्म्याच्या आसपास थंडी पुरते आणि जी स्वतःच्या परागाने फळ धरते. या जोडीतून रोहो पॅशन आणि मर्सियाना या जाती आल्या. दोन्ही शार्काला दाद देत नाहीत, दोन्हींना शेजारी परागदाता लागत नाही. प्रकल्प ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सुरू झाला आणि पहिल्या जाती शेतकऱ्याच्या हातात पडायला एकविसावं शतक उजाडलं.

आता तुझ्यासाठी थोडं गणित. प्रतिकारक पालकात तो गुण सहसा एकाच बाजूने आलेला असतो, म्हणजे संततीत अर्धी रोपं बाद. उरलेल्यांत परागाचा प्रश्न, पुन्हा काही बाद. मग थंडीची गरज, बहराची वेळ, फळाचा आकार, पावसात तडकतं का, पेटीत टिकतं का. समज, अशा पाच गोष्टींत दर वेळी निम्मीच उरली, तर बत्तिसांतलं एक रोप हाती लागतं. आणि चवीपर्यंत आपण अजून आलेलोच नाही.

माझं मत इथे स्पष्ट सांगते. प्रतिकार आणणं हा या धंद्यातला सोपा भाग आहे. एक ठळक जागा, तिचा मार्कर, हो किंवा नाही. चवीचं असं नाही. साखर, आम्ल, वास, गराचा धागा, साल चावताना येणारा तुरटपणा, या प्रत्येकामागे अनेक जनुकं, आणि त्यांत माती, पाणी, तोडणीचा दिवस यांची ढवळाढवळ. त्याला किट नाही. मर्सियात चाचणीच्या बागेत मी पाहिलं ते असं : एकाच्या हातात गोडी मोजायचं ब्रिक्समीटर, दुसऱ्याच्या हातात कडकपणा मोजायचं यंत्र, आणि त्यांच्यातला सगळ्यांत वयस्कर माणूस प्रत्येक झाडाखाली एक फळ चावणार, चघळणार, थुंकणार आणि एक आकडा बोलणार. दोन्ही यंत्रांत छान आलेल्या एका झाडाला त्याने मान हलवून पुढे जायला सांगितलं. झाड गेलं. मला ते फार आवडलं.

सगळीकडे एवढी कदर होत नाही. मोठ्या दुकानांना लालभडक गाल हवा, ट्रकमध्ये न दबणारा गर हवा, आणि फळ आठवडाभर मांडणीवर टिकायला हवं. हे सगळं देणाऱ्या जाती निघाल्या. त्या कच्च्या तोडल्या जातात आणि मग खाणारा म्हणतो, जर्दाळूला पूर्वीची चव राहिली नाही. दोष जातीचा किती आणि तोडणीचा किती हे वेगळं काढणं अवघड; माझ्या मते तोडणीचा जास्त.

आपल्याकडे याचं भावंड आहेच. डाळिंबाचा तेल्या हा झँथोमोनास वंशाचा जिवाणू, आणि हॅरोवाले ज्याच्याशी झुंजत होते तो जर्दाळूच्या पानावरचा ठिपकाही झँथोमोनासच. जंगली डाळिंबांत तेल्याला बरंच तोंड देणारी झाडं आहेत. खाऊन बघ, डोळे मिटतील इतकं आंबट. भगवा ही लागवडीची जात चवीला राजा आणि तेल्यापुढे रंक. या दोन टोकांतलं अंतर संकरामागून संकर करत कापायचं असतं. तुझ्या पिढीला काम आहे.

जाता जाता : चेक देशात मोराव्हियातल्या लेडनिस गावी १९१२ साली मेंडेलच्या नावाने मेंडेलिअम ही संस्था सुरू झाली. वाटाण्याचे प्रयोग त्याने केले ते ब्रनो शहर तिथून फार लांब नाही. लेडनिसला आज जर्दाळूची पैदास चालते, तिथे शार्का आहे आणि वसंतातला गारठाही. कधी युरोपला गेलास तर पर्यटनस्थळांच्या यादीतलं एखादं खोडून तिथे जा.

प्रश्न : बाई, आमच्या लहानपणी जर्दाळू तपकिरी, सुरकुतलेला, चिवट असे. खाऊन झाला की बी फोडून आतला गर बदामासारखा खायचा. हल्ली मिळतात ते नारिंगी, मऊ आणि बिनबियांचे. गोड लागतात पण ती चव नाही. ही तुमची नवी जात का? – एक आजी, सदाशिव पेठ, पुणे

नाही आजी, ही जुनीच जात आहे. फक्त वाळवण्याची तऱ्हा वेगळी. बाजारातले नारिंगी जर्दाळू बहुतेक तुर्कस्तानचे, मालात्या भागातले. तिथली मुख्य जात हाजीहालिलोलू, तीही पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. फळ बंद खोलीत गंधकाच्या धुरीवर ठेवतात, त्याने रंग टिकतो, कीड लागत नाही आणि गर मऊ राहतो. मग उन्हात अर्धवट सुकलं की बोटांनी दाबून बी बाहेर काढतात. तुमच्या लहानपणीचा जर्दाळू बीसकट, नुसत्या उन्हात वाळलेला असायचा. उन्हात वाळताना गर काळपटतो आणि थोडा आंबूसपणा, थोडा गुळचटपणा येतो; तुम्हाला आठवतेय ती चव हीच. दुकानात 'बिनगंधकाचा' किंवा 'नॅचरल' लिहिलेला तपकिरी जर्दाळू मागा. तोही मालात्याचाच असेल, पण आठवणीच्या जवळ जाईल. दम्याचा त्रास असेल तर गंधकवाला टाळलेला बरा.

दर का वाढलेत असंही तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात विचारलंय. २०२५ च्या एप्रिलमध्ये मालात्यात कडाक्याचा गारठा पडला आणि कोवळी फळं जागेवर जळाली. तिथे शार्कापेक्षा गारठ्याची धास्ती जास्त. त्यामुळे तिथल्या पैदासकाराला सगळ्यांत हवं असतं ते उशिरा फुलणारं झाड.

बी फोडून खाण्याबद्दल मात्र जपून. गोड गराच्या जाती वेगळ्या आणि कडू गराच्या वेगळ्या. कडू गरात अमिग्डालिन असतं, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं की मोठ्या माणसानेही छोट्या कच्च्या कडू बियांचे तीनपेक्षा जास्त गर एका वेळी खाणं सुरक्षित नाही. 'कॅन्सरवर जालीम' म्हणून हे गर पाकिटात विकणारे आहेत, त्यांच्या नादी कोणी लागू नये. जिभेला कडू लागला की थुंका. नातवंडांनाही तेवढं शिकवा.

प्रश्न : आमची स्ट्रॉबेरी आहे, सोबत काही तरी वेगळं करायचंय. एका रोपवाटिकेने 'महाराष्ट्रात येणारा बारमाही जर्दाळू' म्हणून रोपं देऊ केली आहेत. घेऊ का? – महाबळेश्वर

नका घेऊ.

तुमच्याकडे वेण्णा तलावाच्या काठी पहाटे दहिवर गोठतं, फोटो छापून येतात, ते मला ठाऊक आहे. पण दुपारी तिथेच स्वेटर काढावा लागतो. जर्दाळूच्या कळीला झोपमोड होण्याआधी कित्येक आठवडे सलग थंडी लागते, आणि मधली ऊबदार दुपार साठलेली थंडी खोडून टाकते. आधी सांगितलेली करोट ही कमी थंडीवाल्यांतली, तिलाही आपला हिवाळा पुरणार नाही. झाड जगेल, पानं येतील, फुलं तुरळक येतील, आणि मग जूनपासूनचा तुमचा पाऊस मुळं कुजवून टाकेल. बारमाही जर्दाळू जगात कुठेच नाही. पानझडी झाड आहे ते.

प्रश्न : जनुकीय बदल करून हा रोग एका फटक्यात का संपवत नाहीत? हवाईत पपईचं केलं ना? – मूळचे जळगावचे एक वाचक, न्यू जर्सी

केलंय, पण प्लममध्ये. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी शार्काच्या विषाणूचाच एक जनुक प्लममध्ये घालून हनीस्वीट नावाची जात बनवली. तत्त्व तुम्ही म्हणता त्या हवाईच्या पपईचंच, जी १९९८ मध्ये शेतकऱ्यांना मिळाली. हनीस्वीट वर्षानुवर्षं युरोपातल्या रोगट भागांत चाचणीला उभी राहिली आणि टिकली. अमेरिकेत परवानग्याही मिळाल्या. तरी ती बाजारात दिसत नाही. अमेरिकेत रोग नाही म्हणून गरज नाही, आणि युरोपात रोग आहे तर असं झाड नको. जर्दाळूत अडचण आणखी एक. त्याच्या पेशीपासून प्रयोगशाळेत अख्खं झाड उभं करणं फार कटकटीचं. आणि साध्या संकराने काम होतंय म्हटल्यावर पैसे कोण घालणार? तुमच्या न्यू जर्सीच्याच ऑरेंज रेडने स्पेनचा प्रश्न बराचसा सोडवला, हे शेजाऱ्यांना सांगा.

प्रश्न : माझा मुलगा लेहला नोकरीला आहे. त्याने पांढऱ्या बीचा जर्दाळू पाठवला, इतका गोड की साखर घातल्यासारखा. तिथे अशा रोगप्रतिकारक जाती तयार करतात का? की स्पेनच्याच नेऊन लावाव्यात? – सातारा

तुमच्याकडे आला तो रक्त्से कारपो. लडाखचा मान, २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बी पांढरट, आतला गर गोड. हलमान ही तिथली दुसरी मोठी जात, ती वाळवायला आणि ताजी खायला. खांते म्हणतात तो कडू गराचा, त्याच्या बियांचं तेल काढतात. देशात सर्वाधिक जर्दाळू लडाखमध्येच होतो.

लडाखची हवा इतकी कोरडी की बुरशीला फारसं जमत नाही. काश्मीर खोऱ्यात वसंतात पाऊस पडतो, तिथे पानाला छर्रे मारल्यासारखी भोकं पाडणारा शॉट होल आणि खोडातून डिंक येणं या तक्रारी जास्त. श्रीनगरची केंद्रीय समशीतोष्ण फलोद्यान संस्था आणि काश्मीरचं कृषी विद्यापीठ तिथे जातींची निवड करतात, लेहला संरक्षण खात्याची उच्च पर्वतीय संशोधन संस्था स्थानिक झाडांची नोंद ठेवते. लडाखची खरी डोकेदुखी आहे कॉडलिंग मॉथ नावाची फळ पोखरणारी अळी. तिच्या भीतीने ताजं फळ लडाखबाहेर न्यायला वर्षानुवर्षं आडकाठी होती. २०२१ मध्ये ताजा जर्दाळू दुबईला गेला तेव्हा तिथल्या लोकांना किती बरं वाटलं असेल याची कल्पना करा.

स्पेनच्या जाती तिथे नेऊन लावायला माझा सक्त विरोध आहे. एक तर त्या सौम्य हिवाळ्यासाठी घडवलेल्या. उणे वीस अंशांत त्यांचं काय होईल सांगायला नको. दुसरं, शार्का देशोदेशी फिरला तो मुख्यतः रोपं-कलमांबरोबर. मावा फार लांब उडत नाही, माणूस उडतो. हौसेने बॅगेत घातलेली एक काडी पुरते. परदेशी झाड आणायचंच तर सरकारी क्वारंटाइनमधून, तपासून, वेळ देऊन.

आणि तिसरं, लडाखकडे आहे तेच बाकीच्यांना हवंय. कॅलिफोर्नियातल्या पार्लिअरच्या सरकारी केंद्राने साखर वाढवण्यासाठी मध्य आशियातले जर्दाळू संकरात वापरले, कारण जास्त गोडीचं रक्त त्या बाजूला आहे. लडाखच्या गावांत कित्येक झाडं बीपासून उगवलेली आहेत, म्हणजे प्रत्येक झाड वेगळं. कुणाचं उशिरा फुलतं, कुणाचं फळ टणक, कुणाच्या फळाला अळी कमी लागते. घर वाढवताना, रस्ता रुंद करताना यांतली जुनी झाडं जातात. मला विचाराल तर आधी त्यांच्या काड्या काढून एका बागेत कलमं करावीत, आणि रक्त्से कारपोची गोडी, थोडा टणक गर आणि उशिरा बहर यांची जुळणी घरातल्या घरात करावी. प्रतिकाराचा जनुक लागेलच, तेव्हा तो पराग पुडीतून मागवता येईल. तपासून.

तुमच्या मुलाला सांगा, जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी मिळाली तर स्कुरबुचन किंवा दाह-हानूकडे जाऊन झाडाखाली उभं राहून खावा. वाळलेला आपल्याला कुरिअरने मिळतोच.

प्रश्न : माझ्याकडे लडाखच्या जर्दाळूची बी आहे. लावली तर उगवेल का? आणि तसाच जर्दाळू येईल का? – इयत्ता सहावी, चिपळूण

उगवू शकेल. कवच हलकेच फोड, आतला गर न दुखावता. एक दिवस पाण्यात भिजव. मग ओलसर वाळूत घालून डबीत ठेव आणि डबी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन-अडीच महिने. आईला आधी सांग, नाहीतर ती फेकून देईल. पांढरा कोंब दिसला की कुंडीत लाव, सकाळचं ऊन दे, पावसाळ्यात छपराखाली घे.

तसाच जर्दाळू मात्र येणार नाही. बीचं झाड आईसारखं हुबेहूब कधी नसतं, आणि चिपळूणला थंडी नाही म्हणून फळही धरणार नाही. पण पानं सुंदर असतात, हृदयाच्या आकाराची, देठ लालसर. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तगलं तर मला फोटो पाठव, आपण छापू.